तुमच्याकडे याचा अर्थ काय?

दिल्लीतील मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० साली बदलण्यात आले आणि ते हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' झाले. हिंदी भाषकांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मराठी माणसाच्या मनात मात्र क्षणभर शंका डोकावलीच असेल की, मुलांना दंड करण्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते तर उघडले नाही ना? संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे आणि शिकविणे. हिंदीने तो अर्थ जपला. आपण मराठी माणसांनी शिकविण्याचे काम 'शिक्षणा'कडे सोपविले आणि 'शिक्षा' छडीच्या हवाली केली. जुन्या शाळांत ज्यांनी धडे गिरविले त्यांना या दोन अर्थांत फारसे अंतर वाटणार नाही, हा भाग वेगळा!

अशा शब्दांची यादी बरीच लांबविता येईल. बसच्या दारात उभ्या असलेल्या मराठी प्रवाशाला हिंदी भाषक वाहकाने 'खाली है' म्हटले, तर तो पायाखाली काय पडले आहे ते वाकून पाहील. उत्तरेकडील कचेरीत 'राजीनामा' झाला म्हणजे दोन पक्षांत तडजोड होऊन वाद मिटला; आपल्याकडे राजीनामा झाला म्हणजे माणूस नोकरी सोडून चालता झाला. एखाद्या बंगाली डॉक्टरने आजाऱ्याच्या नातेवाइकांना आपल्या भाषेच्या वळणाने 'मी चेष्टा करीन' असे सांगितले, तर त्यांच्या जिवाचे पाणी पाणी होईल. तो बिचारा म्हणत असतो की, मी प्रयत्नांची शर्थ करीन. आणि यांना वाटते, आमचा माणूस मरणाच्या दारात असताना याला थट्टा सुचते आहे! एकाच माहेरच्या बहिणी निरनिराळ्या सासरी जाव्यात आणि तिथल्याच होऊन राहाव्यात, तशी या शब्दांची गत आहे.

देशाबाहेर पाऊल टाकले की गंमत आणखी वाढते. पोर्तुगीज माणसाने नाताळच्या जेवणाला बोलावून 'पेरू' वाढतो असे सांगितले, तर आपण फोडी आणि तिखट-मीठ यांची वाट पाहू. ताटात येईल तो भाजलेला भलामोठा पक्षी. ज्याला इंग्रज 'टर्की' म्हणतात तो. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. तुर्कांनी त्याचे नाव ठेवले 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंचांनीही त्याला हिंदुस्थानचाच ठरविले. अरबी भाषेत तो 'रूमी कोंबडा' झाला आणि पोर्तुगीजांनी त्याला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे नाव चिकटविले. मुळात तो पक्षी उत्तर अमेरिकेतला, मेक्सिकोत माणसाळलेला. एका पक्ष्याचा पत्ता विचारला असता प्रत्येकाने शेजारच्या घराकडे बोट दाखविले, आणि एकाचेही बोट खऱ्या घराकडे वळले नाही.

हे सारे वाचताना आपण हसतो, आणि हसावेच. परंतु या हसण्याच्या तळाशी एक प्रश्न दडलेला आहे. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात अशीच दोन उदाहरणे दिली आहेत. 'बीटा' असा ध्वनी ऐकला की ग्रीक माणसाला वर्णमालेतील एक अक्षर आठवते, तर लॅटिन बोलणाऱ्याला एक भाजी आठवते. 'लेगे' म्हटले की ग्रीक माणूस 'बोल' असे समजतो आणि लॅटिन माणूस 'वाच' असे समजतो. यातून संत ऑगस्टीन असा निष्कर्ष काढतात की, शब्दाचा अर्थ हा ध्वनीला जन्मतः चिकटलेला नसतो. एका समाजातील माणसे आपसांत जी संमती करतात, तिच्यामुळे शब्दाला अर्थ लाभतो.

ही गोष्ट मान्य केली की प्रश्न उभा राहतो तो असा: दोन समाजांनी दोन निरनिराळ्या संमती केल्या असतील आणि त्यांच्या मधल्या दरीत एखादा माणूस पडला, तर दोष कोणाचा? बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, की कोणाचाच नाही? प्रश्न शब्दकोशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो नीतीचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या सर्वांना परिचित असलेल्या एका संताच्या चरित्रातील एक प्रसंग पाहू.

संत फ्रान्सिस झेवियर यांना १५४७ साली मलाक्का येथे आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ भेटला. मायदेशात त्याच्या हातून मनुष्यवध घडला होता आणि पोर्तुगीज जहाजाचा आश्रय घेऊन तो निसटला होता. पुढे तो गोव्यात आला, पोर्तुगीज भाषा शिकला आणि १५४८ साली त्याने स्नानसंस्कार स्वीकारला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर त्याच्यासह जपानमधील कागोशिमा येथे उतरले. जपानी लोकांना देवाविषयी सांगायचे, तर देवासाठी जपानी शब्द हवा. झेवियर यांना जपानी येत नव्हते. आंजिरो बुद्धिमान होता, पण धर्मग्रंथांचे त्याचे अध्ययन नव्हते. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे शब्द सुचविला: 'दाइनिची'.

दाइनिची म्हणजे महासूर्य. जपानमधील शिंगोन नावाच्या बौद्ध पंथात सर्वोच्च स्थानी असलेल्या बुद्धाचे ते नाव. त्याचे मूळ संस्कृत नाव महावैरोचन. म्हणजे हा शब्द आपल्याच देशातून चीनमार्गे जपानला पोहोचलेला. झेवियर दाइनिचीची भक्ती करा असे सांगू लागले, तेव्हा यामागुची येथील शिंगोन भिक्षूंना साहजिकच आनंद झाला. हे परदेशी साधू आपल्याच देवाचे नाव घेतात, आपल्या बुद्धाच्या जन्मभूमीकडून म्हणजे हिंदुस्थानातून येतात; यांची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, पण धर्म आपलाच, असा त्यांचा ग्रह झाला. त्यांनी पाहुण्यांचा आदरसत्कार केला.

हा आदर पाहून दुसरा कोणी सुखावला असता आणि गप्प राहिला असता. झेवियर यांना मात्र चुकल्यासारखे वाटले. त्यांनी भिक्षूंना प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. तुमचा दाइनिची पवित्र त्रैक्य आहे काय? त्याने मानवदेह धारण केला काय? तो क्रुसावर मरण पावला काय? भिक्षूंना हे सारे अगदीच अपरिचित होते. त्यांतील काहींना हसू आले, असे समकालीन वृत्तांत सांगतात. झेवियर काय ते उमजले. त्यांनी सोबतच्या ब्रदर हुआन फर्नांडिस यांना रस्त्यारस्त्यांतून पुकारा करण्यास सांगितले की, दाइनिचीची पूजा करू नका. काल ज्याची भक्ती करा म्हणत होते, त्याचीच आज करू नका म्हणू लागले! भिक्षूंचा स्नेह आटला आणि त्याची जागा संतापाने घेतली.

यानंतर झेवियर यांनी सावधगिरी म्हणून 'देउस' हा लॅटिन शब्दच जपानीत वापरावयास घेतला. हा शब्द परका, म्हणून निर्धोक, असा त्यांचा हिशेब. परंतु विरोधकांनी त्याचीही वाट लावली. 'देउस'चे त्यांनी 'दाइ उसो' केले. जपानीत त्याचा अर्थ होतो 'महाअसत्य'. घोटाळा येथेही संपला नाही. झेवियर जपान सोडून गेल्यावर १५५२ साली यामागुचीच्या अधिपतीने त्यांच्या सहकाऱ्यांना मठ बांधण्याचा परवाना दिला. त्या परवान्यात लिहिले होते की, पश्चिमेकडून आलेल्या या भिक्षूंना बुद्धाच्या धर्माचा प्रसार करण्यासाठी ही अनुमती देण्यात येत आहे!

आता दोषाचा निवाडा करू. आंजिरो खोटे बोलला काय? संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर जो ग्रंथ लिहिला आहे, त्यात त्यांनी लबाडीची कसोटी बोलणाऱ्याच्या हेतूत ठेवली आहे. जे मनापासून खरे मानले ते सांगणारा चुकत असेल, पण तो लबाड नव्हे. म्हणून आंजिरो निर्दोष. भिक्षूंनी आदर केला तो त्यांच्या समजुतीप्रमाणे योग्यच होता. नंतर त्यांना आपण फसविले गेलो असे वाटले, तेही समजण्यासारखे आहे. कोणीच कोणाला फसविले नव्हते, तरीही फसवणुकीची सारी कटुता निर्माण झाली. गैरसमजाचे हेच विचित्र वैशिष्ट्य आहे. त्यात गुन्हेगार नसतो, पण जखमी असतात.

या प्रसंगातील झेवियर यांचा मोठेपणा कशात आहे? आपल्याला मान मिळत असताना त्यांनी विचारले, यात. अनुकूल गैरसमज हा सर्वांत मोठा मोह असतो. समोरच्याने आपल्याला चुकीचे ओळखले आणि त्यामुळे आपला सत्कार झाला, तर ती चूक दुरुस्त करण्याची घाई कोणाला असते? गैरसमज होणे हे पाप नाही. तो झाला आहे हे ध्यानात आल्यावर त्याचा लाभ घेत राहणे मात्र असत्यात सहभागी होणे आहे. त्या रेषेपाशी झेवियर थांबले आणि मागे वळले, आणि त्यासाठी त्यांनी मिळालेला मान गमावला.

आपल्या देशातही अशी एक घटना घडली. रॉबर्तो दे नोबिली हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू १६०६ साली मदुराईला आले. त्यांच्याआधी तेथे काम करणारे मिशनरी स्नानसंस्कारासाठी येणाऱ्याला विचारीत, 'तू परंगी कुलात प्रवेश करू इच्छितोस काय?' परंगी म्हणजे ख्रिस्ती, अशी त्यांची समजूत. हा परंगी म्हणजे आपल्या मराठीतला फिरंगीच. तामिळ माणसाच्या कानाला त्या प्रश्नाचा अर्थ लागे तो असा: गोमांस खाणाऱ्या, मद्य पिणाऱ्या, अंघोळीचा कंटाळा असलेल्या त्या परदेशी जमातीत तू सामील होतोस काय? अशा प्रश्नाला 'होय' म्हणणारे थोडेच भेटले, यात नवल ते काय! नोबिलींनी लोकांमध्ये राहून या शब्दाचा अर्थ जाणून घेतला आणि तो प्रश्न टाकून दिला. जातिभेदाशी त्यांनी केलेल्या तडजोडीविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. तो स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच पाहायचे की, जो प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात होता, तो ऐकणाऱ्याला कसा ऐकू येतो हे विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

त्याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यांनी झेवियर यांच्या उलट मार्ग धरला. परका शब्द आणण्याऐवजी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा इथलाच शब्द घेतला आणि त्यात हळूहळू नवा आशय भरला. परका शब्द घेतला तर तो पोकळ राहण्याचे भय, घरचा घेतला तर जुना अर्थ सोबत येण्याचे भय. निर्धोक असा शब्दच नाही. म्हणून शब्दाच्या निवडीपेक्षा शब्दानंतर चालू राहणारे संभाषण अधिक महत्त्वाचे ठरते.

येथपर्यंतच्या कथांत हानी झाली ती मानाची, स्नेहाची, वर्षांची. परंतु एखादा शब्द याहून मोठी किंमत घेऊ शकतो. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. कुटुंब क्यूबाचे, स्पॅनिश बोलणारे. त्यांनी डॉक्टरांना सांगितले की, मुलगा 'इंतोक्सिकादो' आहे. क्यूबाच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधले आहे. इंग्रजीत त्याच्याशी जुळणारा शब्द आहे, त्याचा अर्थ नशेत असणे. डॉक्टरांनी अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. खरे निदान होईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. पण हातपाय परत आले नाहीत.

त्या ठिकाणी दुभाषाला कोणी बोलावले नाही, कारण आपल्याला कळले आहे अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दाच्या वेषात अनोळखी अर्थ येतो, तेव्हा आपण त्याला तपासणीवाचून आत घेतो. पण या घटनेत दोन्ही बाजूंवर सारखीच जबाबदारी होती असे म्हणता येईल काय? एकीकडे भयाने गांगरलेले, परक्या भाषेच्या देशात राहणारे कुटुंब. दुसरीकडे ज्ञान, अधिकार आणि साधने हाती असलेली संस्था. माझे उत्तर असे आहे: गैरसमज दोघांचा असला, तरी विचारण्याचे कर्तव्य ज्याच्या हाती अधिक सामर्थ्य आहे त्याचे अधिक असते. डॉक्टरचे आजाऱ्यापेक्षा, शिक्षकाचे विद्यार्थ्यापेक्षा, मालकाचे मजुरापेक्षा, आणि धर्मगुरूचे त्याच्यासमोर बसलेल्या भाविकापेक्षा.

विचारावे कसे, याचे उत्तर संत इग्नेशियस लोयोला यांनी दिले आहे. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या आरंभी, सारी साधना सुरू होण्यापूर्वीच, एक नियम सांगितला आहे. त्याचा आशय असा की, शेजाऱ्याच्या बोलण्याला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास आपण अधिक तत्पर असावे. चांगला अर्थ लागत नसेल, तर त्याला त्याचा काय अर्थ अभिप्रेत आहे ते विचारावे. तो चुकत असेल, तर प्रेमाने सुधारावे. हे पुस्तक १५४८ साली छापले गेले. झेवियर जपानच्या किनाऱ्याला लागण्याच्या आदल्या वर्षी. या नियमातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी सद्भाव, मग प्रश्न, त्यानंतर दुरुस्ती. आपण बहुधा दुरुस्तीपासून सुरुवात करतो आणि प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

यावर कोणी म्हणेल की, ऐकणाऱ्याने सदैव चांगला अर्थ लावावा, तर बोलणाऱ्याला रान मोकळेच! तसे नाही. 'भैया' हा शब्द घ्या. हिंदीत तो थोरल्या भावाला प्रेमाने आणि आदराने मारलेली हाक आहे. आपल्या मुंबई-वसई पट्ट्यात तोच शब्द उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसाला हिणविण्यासाठी पुष्कळदा वापरला जातो. ज्या शब्दाने त्याची धाकटी बहीण त्याला घरी हाक मारते, त्याच शब्दाने रस्त्यावर त्याचा अपमान होतो. येथे गैरसमज कोठेच नाही; दोघांनाही पुरते समजलेले असते. एखाद्या शब्दाने दुसरा दुखावतो हे कळल्यावर 'आमच्याकडे असेच म्हणतात' ही सबब उरत नाही. समजण्यापूर्वी जी चूक असते, ती समजल्यानंतर अन्याय होते.

हसण्यालाही हीच मर्यादा आहे. शब्दांच्या कोलांटउड्यांना दोघांनी मिळून हसावे. त्याने स्नेह वाढतो. परक्या मुलाच्या तोंडी आपला शब्द वेडावाकडा आला म्हणून सारा वर्ग हसतो, तेव्हा त्या हसण्यात तो मुलगा सामील नसतो. क्रुसावरील प्रभूने 'एली' म्हणजे 'माझ्या देवा' अशी आर्त हाक मारली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या काहींना वाटले की, हा एलिया संदेष्ट्याला बोलावीत आहे. एलिया येतो की काय ते पाहू, असे म्हणून ते मौज पाहत उभे राहिले. एका मरणाऱ्याचा शब्द त्यांच्या कानी चुकीचा पडला, हा त्यांचा अपराध नव्हता. त्याच्या वेदनेचा त्यांनी तमाशा केला, हा होता.

आपल्या धर्मग्रामांतील घरे आता एका भाषेची राहिलेली नाहीत. मुले बंगळूरला, आखाती देशांत, कॅनडात नोकरी करतात. सुना-जावई दूरच्या प्रांतांतून येतात. सासूबाई कौतुकाने सुनेला म्हणतात, 'तुझा आम्हाला अभिमान वाटतो.' हिंदी वळणाच्या कानाला अभिमान म्हणजे गर्व, घमेंड. बंगालीत तर अभिमान म्हणजे जवळच्या माणसाने दुखावल्यामुळे मनात दाटून आलेला रुसवा. सून बंगाली असली आणि गोंधळून गप्प बसली, तर सासूबाईंना वाटते, हिला कौतुकाचीही किंमत नाही. अशा गप्प बसण्यातून अबोले सुरू होतात आणि दोन चुली होईपर्यंत जातात. 'तुमच्याकडे याचा अर्थ काय?' एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला असता, तर तो सारा प्रसंग चहाच्या कपाबरोबर हसण्यावारी गेला असता.

'अवकाश' या शब्दाने हे विवेचन संपवितो. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा वेळ, हिंदीत सुटी, मलयाळममध्ये हक्क. केरळात मानवी हक्कांना 'मनुष्यावकाशम्' म्हणतात. मराठी माणूस हा शब्द वाचील, तर त्याला वाटेल, माणसासाठी मोकळी जागा. शब्दकोशाच्या दृष्टीने त्याचे चुकेल. पण दुसऱ्याच्या बोलण्याला आपल्या मनात थोडी जागा ठेवणे आणि त्याचा अर्थ त्यालाच सांगू देणे, हा प्रत्येक माणसाचा आपल्यावरील हक्कच नाही काय?